सात मिनिटांचं ‘चांगलं’

समोरचा माणूस बोलायला लागला की मावशी आधी मनगटावरचं घड्याळ बघायच्या. घड्याळ पुरुषी होतं, गेलेल्या नवऱ्याचं. पट्टा सैल होतो म्हणून त्याला दाभणाने आणखी दोन भोकं पाडलेली. ग्रामसभेत कोणी साहेब बोलायला उभा राहो, की शाळेच्या कार्यक्रमात कोणी पाहुणा, मावशींची नजर काट्यावर जायची. बोलणं संपून माणसं पांगायला लागली की त्या शेजारणीला विचारायच्या, “आठ मिनिटं बोलला. काय बोलला?” शेजारणीला सांगता यायचं नाही. मग मावशी म्हणायच्या, “मंग आठ मिनिटं आपण काय शेरडं म्हणून उभे होतो का?”

हसनाबादेत त्यांना घड्याळवाल्या मावशी म्हणायचे. पुढे जपानी मावशी म्हणू लागले. दोन्ही नावं हसत हसत ठेवलेली. हसणाऱ्यांत मीही होतो, त्यामुळे हे लिहिताना मला इतरांइतकाच माझाही राग येतो आहे, आणि तो मी लपवणार नाही.

मी तेव्हा एका बियाणे कंपनीत सुपरवायझर होतो. गाव माझं वडीगोद्री, नेमणूक हसनाबादच्या प्लॉटवर. शेडनेटमध्ये काम करणाऱ्या सगळ्या बायकांना आम्ही मावशी म्हणायचो. मावशी म्हटलं की आदर दिल्यासारखं होतं आणि नाव लक्षात ठेवायचा त्रास वाचतो. त्यांचं नाव कांताबाई, हे मी रोज सकाळी हजेरीला लिहीत होतो. पण त्या नावाने त्यांना हाक मारावी असं मला एकदाही सुचलं नाही.

काम मिरचीच्या क्रॉसिंगचं. संकरित बी आपोआप होत नाही. मादी झाडाची कळी उमलायच्या आधी हाताने उकलायची, चिमट्याने आतले पुंकेसर एकेक करून काढायचे, दुसऱ्या दिवशी सकाळी त्या फुलाला नर झाडाचे पराग लावायचे आणि खूण म्हणून देठाला दोरा बांधायचा. कळी केवढी, तर ज्वारीच्या दोन दाण्यांएवढी. जाळीखाली उकाडा असा की डोक्यावरचा पदर पिळून घ्यावा. एकेक बाई दिवसाला शेकड्याने कळ्या हाताळते, आणि हात जरा जड पडला की कळी देठापासून गळते. मावशींच्या ओळीत कळ्या गळायच्या नाहीत. हे मला माहीत होतं आणि त्याचं मला काही वाटत नव्हतं. चांगली बाई आहे, एवढंच.

बी विकत घेणारे जपानी पाहुणे दर हंगामात एकदा प्लॉट बघायला यायचे. त्या दिवशी आमचे नियम कडक असायचे. बायकांनी वर बघायचं नाही, आपसात बोलायचं नाही, हात चालू ठेवायचे. ज्या वर्षाबद्दल सांगतो आहे त्या वर्षी पाहुण्यांत एक म्हातारे गृहस्थ होते, गळ्याभोवती पातळ रुमाल गुंडाळलेले. ते मावशींच्या मागे येऊन थांबले ते थांबलेच. मग उकिडवे बसले आणि त्यांच्या हातांकडे बघत बोलू लागले. पुण्याहून आणलेला दुभाष्या मॅनेजरच्या कानाशी लागून सांगत होता, मॅनेजर मान डोलवत होते. शेवटी म्हातारे उठले आणि मावशींच्या पाठीसमोर कमरेतून खाली वाकले. ते बघून मॅनेजरना हसू आलं. मॅनेजर हसले म्हणून आम्ही सगळे हसलो.

पाहुणे गेल्यावर मावशींनी मला विचारलं, “सर, काय म्हणाले ते?” मी मॅनेजरना विचारलं. ते मोबाइलमध्ये बघत म्हणाले, काही नाही, चांगलं म्हणाले, सांग. मी जाऊन तसंच सांगितलं.

“सात मिनिटं, सर,” मावशी म्हणाल्या. “म्या घड्याळात पाह्यलं. सात मिनिटांचं नुसतं चांगलं कसं असंल? जावयाला चांगलं म्हणायला मला अर्धं मिनिट लागत न्हाई.”

बायका हसल्या. मला राग आला, म्हणजे तेव्हा आला तो चुकीच्या माणसाचा. काम झालं, कौतुक झालं, आणखी काय पाहिजे या बाईला, असं मला वाटलं. मी त्यांना जल्दी ओळ पूर्ण करायला सांगितलं.

त्या दिवाळीला कंपनीने शेतकऱ्यांसाठी एक गुळगुळीत पुस्तिका काढली. तिच्या मुखपृष्ठावर एक फोटो होता. मिरचीची कळी आणि ती धरलेले दोन हात. खाली छापलं होतं, ‘आमचे शास्त्रशुद्ध प्रशिक्षण’. मावशींनी ती पुस्तिका प्लॉटच्या फाटकाशी माझ्यासमोर धरली आणि फोटोतल्या मनगटावर बोट ठेवलं. घड्याळ होतं. पट्ट्याची जास्तीची भोकंही नीट दिसत होती. चेहरा मात्र फोटोतून कापून टाकलेला.

“प्रशिक्षण कव्हा दिलं मला?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मावशी, अहो, फोटो आला तुमचा. त्या म्हणाल्या, “फोटो हाताचा आला. हाताबद्दलच बोलला असंल तो म्हातारा. माझ्याच हाताबद्दल बोलला, अन् मलाच माहीत न्हाई.”

वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, सातवी शिकलेल्या या बाई जपानी शिकायला लागल्या त्या एवढ्याचसाठी. नोकरीसाठी नाही, हौस म्हणून नाही, परदेश बघायला तर अजिबात नाही. आपल्या डोक्यावरून कोणीतरी सात मिनिटं काय बोलून गेला, ते त्यांना हवं होतं.

सुरुवात काच तडकलेल्या मोबाइलवर झाली. हिंदीतून जपानी शिकवणारे व्हिडिओ असतात, ते त्या विहाराशेजारच्या वाचनालयाच्या खोलीत बसून बघायच्या. वस्तीतल्या लोकांनी आपापल्या परीने अर्थ लावला. कोणी म्हणालं, मावशी बुद्धाच्या देशाची भाषा शिकून राह्यल्या. मावशींनी मान वर न करता सांगितलं, “बुद्ध इथलाच हाय. त्याच्यासाठी शिकायचं असतं तर पाली शिकले असते.” गावात वर वेगळंच चाललेलं. मुलगी दिली, सून नाही, घरी एकटी, डोक्यावर परिणाम झाला असेल, असं पारावर बोललं जायचं. बाई चाळिशीनंतर उपासतापास करायला लागली तर कोणाला वेड वाटत नाही. पुस्तक घेऊन बसली की वाटतं.

एका भाषेला तीन तीन लिप्या, हे कळलं तेव्हा मावशी म्हणाल्या, माणसं फुरसतीची दिसतेत. पण चित्रांसारखी अक्षरं त्यांना मनापासून आवडली. एका झाडाचं अक्षर झाड, तीन झाडं एकत्र काढली की जंगल. शेताचं अक्षर म्हणजे बांध घातलेले चार वाफे. “लिहिणाऱ्यानं शेत पाह्यलेलं हाय, सर,” असं त्यांनी मला एकदा जेवणाच्या सुट्टीत सांगितलं. पुरुष लिहायचा तर वर शेत काढतात आणि खाली ताकद. यावर त्या इतक्या हसल्या की ठसका लागला. लिहिणारा आमच्या गावात आला नसणार, असं त्यांचं मत पडलं. वाक्यातला मुख्य शब्द मराठीसारखाच अगदी शेवटी येतो, हेही त्यांना फार पटलं होतं. माणसाचं पुरतं ऐकून घेतल्याशिवाय कळतच नाही, अशी भाषा असावी, असं त्या म्हणायच्या.

मुलगी जालन्यात मस्तगडला दिली होती. तिच्या घराजवळ, जपानमध्ये म्हाताऱ्यांची सेवा करायला जाणाऱ्या मुलामुलींसाठी रविवारचा क्लास चालायचा. मावशी पहाटेच्या एसटीने तिथे जाऊन बसल्या. क्लास चालवणाऱ्याने वय विचारलं आणि सांगितलं की तुम्हाला काही तिकडे जायचं नाही, उगीच मुलांची जागा अडते. मावशी म्हणाल्या, “मला जायचं न्हाई. ते येतेत. ते आल्यावर मला कळायला पाह्यजे.” मालकाला हे कारण पटेना. जी भाषा शिकून कुठे जायचं नाही ती कशाला शिकायची, असं त्याने सगळ्या वर्गासमोर विचारलं. शिकवणाऱ्या मॅडम मात्र समजूतदार होत्या. त्यांनी दाराजवळ एक खुर्ची ठेवून दिली, आणि मावशी त्या खुर्चीवर तीन वर्षं बसल्या. ती पोरं परीक्षा देत होती, पास होत होती, नापास होत होती. मावशींनी एकही परीक्षा दिली नाही. परीक्षेत काय विचारायचं ते परीक्षावाले ठरवतात, आपल्याला काय पाहिजे ते आपल्याला माहीत आहे, असा त्यांचा हिशेब.

मी एकच काम बरं केलं. शहरात गेल्तो तेव्हा त्यांना एक जाडजूड शब्दकोश आणून दिला. तोही निम्म्या चेष्टेने. त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला आणि कपाळाला लावला. मला त्या क्षणी थोडी लाज वाटली, पण लाज वाटणं आणि सुधारणं यात बरंच अंतर असतं.

प्लॉटवर प्रत्येक झाडाला एक कागदी टॅग असतो. त्यावर नर कोणता, मादी कोणती, याचे आकडे लिहायचे आणि दोऱ्याने फांदीला बांधायचं. चुकलेले टॅग फेकून द्यायचे असतात. मावशी ते फेकत नव्हत्या. मागच्या कोऱ्या बाजूला रोज पाच शब्द लिहायच्या आणि कमरेच्या पिशवीत टाकायच्या. कळ्या उकलता उकलता एकेक टॅग काढून बघायच्या, मनात म्हणायच्या, परत ठेवायच्या. बाकीच्या बायका मोबाइलवर गाणी ऐकायच्या, यांचं हे चालायचं. पुस्तक उघडून बसायला ज्यांना वेळ मिळत नाही त्यांनी शिकायचं कसं, तर असं.

आणि यातूनच ती चूक झाली. चौथ्या वर्षी पाहुणे यायच्या आदल्या दिवशी सगळे फाटके टॅग बदलायचे होते. घाईत मावशींच्या पिशवीतला अभ्यासाचा एक टॅग झाडाला बांधला गेला. दुपारी मॅनेजर पाहणीला आले, त्यांनी नेमकं तेच झाड धरलं. उलट्या बांधलेल्या टॅगवर आकड्यांच्या जागी शाईपेनाने लिहिलेली जपानी अक्षरं. मॅनेजरचा चेहरा पडला. आपल्या माणसांपैकी कोणीतरी परस्पर पाहुण्यांना काहीतरी कळवतं आहे, असंच त्यांना वाटलं. मला ऑफिसात बोलावून त्यांनी टॅग टेबलावर ठेवला आणि हे कोणाचं, म्हणून विचारलं.

माहीत नाही, असं मी म्हणू शकत होतो. मी म्हणालो, कांताबाईंचं, त्या जपानी शिकतात. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं नाव घेतलं ते असं.

मॅनेजर आधी मोठ्याने हसले. मग हसायचे थांबले. “म्हणजे उद्या ते काय बोलतात ते तिला कळणार?” ते म्हणाले.

हे वाक्य मी इतक्या वर्षांत विसरलो नाही. अक्षर न् अक्षर आठवतं आहे. एका बाईला दुसरी भाषा येते, यात घाबरण्यासारखं काय असतं? काही चोरलं नव्हतं तिने, कोणाचं बिघडवलं नव्हतं. तिला कळेल, एवढीच भीती. तिला उद्या सुट्टी दे, असं ते म्हणाले, आणि वर म्हणाले की या लोकांना आता जपानी पाहिजे. ‘या लोकांना’ म्हणजे कोणाला, ते आमच्याकडे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. मावशींचं घर विहाराच्या मागे होतं. मी तिथे उभा होतो. मी हो सर म्हणालो.

संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. त्या दारात निवडण घेऊन बसल्या होत्या. मी सांगितलं, मावशी, उद्या तुम्हाला सुट्टी, भरपगारी. त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

“मॅनेजर किती येळ बोलले?”

“दोन-तीन मिनिटं.”

“पंधरा वर्षं झाली क्रॉसिंगला जाते. भरपगारी सुट्टी कव्हा भेटली न्हाई,” त्या म्हणाल्या. “म्हणजे बिलकुल येऊ देऊ नका म्हणाले. खरं सांगा.” मी खाली बघितलं. त्यांनी परत सूप ओढलं आणि मला चहा घेऊन जा म्हणाल्या. मी चहा न घेताच निघालो.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले, त्यांच्यात तेच म्हातारे, मधल्या वर्षांत न आलेले, रुमाल तोच. ते ओळीओळीतून फिरले, मावशींच्या नेहमीच्या ओळीशी थांबले आणि इकडेतिकडे बघू लागले. दुभाष्याने मॅनेजरना काही विचारलं. मॅनेजरनी सांगितलं, ती बाई काम सोडून गेली. मी चार हातांवर होतो. ऐकलं आणि गप्प बसलो.

प्लॉटकडून डांबरी रस्त्याकडे जाताना एक ओढा लागतो. तिथे कुठलीही गाडी हळू करावीच लागते. मावशी तिथे उभ्या होत्या. इस्त्रीची पांढरी साडी, मनगटावर घड्याळ. पाहुण्यांची गाडी जवळ आली तसे त्यांनी आधी हात जोडले, मग त्या कमरेतून वाकल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, “सुमिमासेन.” माफ करा, एक मिनिट, असं कोणाला थांबवताना जपानी माणूस म्हणतो, तो हा शब्द. मागच्या मोटारसायकलवरून मी तो ऐकला.

गाडी ओढा ओलांडून पुढे गेली आणि थांबली. म्हातारे खाली उतरले. पाठोपाठ दुभाष्या उतरायला लागला, तेव्हा त्यांनी हाताने त्याला नम्रपणे बसायला सांगितलं. आज गरज नाही. मॅनेजर उतरून दाराला धरून उभे राहिले. आणि त्या कच्च्या रस्त्यावर, बाभळीच्या सावलीत, आमच्या प्लॉटवरची बाई आणि तो म्हातारा बोलत राहिले. मावशी अडखळत होत्या, कमरेच्या पिशवीतून टॅग काढून बघत होत्या. म्हातारे थांबत होते, घाई करत नव्हते. मधेच त्यांनी स्वतःचा हात पुढे करून बोटं कशी धरायची ते दाखवलं, मावशींनी ते दुरुस्त केलं. एकदा म्हाताऱ्यांनी रुमालाने डोळे टिपले. आम्ही सगळे नुसते बघत होतो. चार वर्षांपूर्वी मावशी जशा बसल्या होत्या, काही न कळता, तसे आता आम्ही उभे होतो. माझ्या मते हे त्या दिवशीचं सगळ्यात योग्य काम होतं.

गाडी परत सुरू होण्याआधी मॅनेजर मावशींजवळ आले. आवाज एकदम मऊ केलेला. काय म्हणाले ते, त्यांनी विचारलं.

मावशींनी घड्याळात बघितलं. “काही न्हाई साहेब,” त्या म्हणाल्या. “चांगलं म्हणाले.”

मी त्यांना मोटारसायकलवर बसवून घरी सोडलं. नोकरी जाईल असं वाटत होतं, पण त्या दिवशी ते वाटणं मला पहिल्यांदाच परवडलं. वाटेत त्यांनी मला सगळं सांगितलं, वाक्यामागून वाक्य, म्हाताऱ्याने ज्या क्रमाने सांगितलं त्या क्रमाने. म्हाताऱ्याची आई जपानमधल्या त्याच्या गावी हेच काम करायची. कळी नखाने न धरता खालून बोटाच्या मऊ भागावर तोलायची, देठाला धक्का लागू द्यायची नाही. आई गेल्यानंतर तशी धरलेली कळी त्याने कुठेच बघितली नव्हती, ती हसनाबादेत बघितली. सात मिनिटांच्या त्या दिवशी त्याने विचारलं होतं, तुमचं नाव काय, हे तुम्हाला कोणी शिकवलं. एक दिवस यांना काम देऊ नका, यांना दुसऱ्यांना शिकवू द्या, अशी विनंती मॅनेजरना केली होती. नावाच्या प्रश्नाला उत्तर मिळालं होतं, आमची एक मजूर. मावशींनी आता चार वर्षांनी त्याला नाव सांगितलं, आणि सांगितलं की कापूस वेचताना बोंडाची टोकं टोचू नयेत म्हणून आईने बोंड खालून धरायला शिकवलं होतं.

मी विचारलं, आणि तो शेवटी वाकला होता ते कशासाठी?

मावशी म्हणाल्या, “बाई काम करून राह्यली, तिला न विचारता मी तिच्या मागं येऊन बसलो, म्हणून माफी मागत होता. अन् तुम्ही समदे हसले.”

गाडी चालवत होतो म्हणून बरं, तोंड दाखवावं लागलं नाही. त्या दिवसापासून त्या मला सर म्हणायच्या बंद झाल्या आणि भाऊ म्हणायला लागल्या. मी तो मान कमावला नव्हता.

पुढच्या हंगामात त्यांना कामावर बोलावलं नाही. कंपनीने खरंच प्रशिक्षणाचा दिवस ठेवला, आणि कळी खालून कशी धरायची ते एका कृषी पदवीधर मुलाने पडद्यावर चित्रं दाखवून शिकवलं. त्याने उभ्या जन्मात एक कळी उकलली नव्हती. चहा-बिस्किटं वाटायला मी होतो. त्या दिवशी मी राजीनामा द्यायला हवा होता. मी आणखी दोन वर्षं काढली आणि मग सोडलं, तेव्हा कोणाला काही फरक पडला नाही. आता वडीगोद्रीला रस्त्यावर माझं बी-बियाण्यांचं छोटं दुकान आहे. कंपन्यांची माणसं येऊन शेतकऱ्यांपुढे भराभरा बोलतात. मी त्यांना थांबवतो आणि गिऱ्हाइकाला विचारतो, काय म्हणाले ते, सांगा बरं. सांगता आलं नाही तर त्यांना परत बोलायला लावतो. ते वैतागतात. वैतागू देत.

मावशी दुसऱ्यांच्या शेडनेटवर जाऊ लागल्या. त्यांच्या ओसरीवर बायका जमायच्या. गावाला वाटलं जपानी शिकवतात. शिकवायच्या त्या एवढंच, की आपल्याबद्दल कोणी बोललं तर काय बोलला ते विचारून घ्यायचं. रेशनच्या दुकानात, तहसिलीत, शाळेत मास्तरांपुढे, हसनाबादच्या बायका आता विचारतात. उद्धट झाल्या, असं पारावर म्हणतात.

मावशी गेल्या त्याला आता वर्ष होत आलं. पोटात दुखायचं, त्यांनी बरेच दिवस अंगावर काढलं. शेवटी मुलगी जालन्याच्या एका दवाखान्यात घेऊन गेली आणि रिपोर्टच्या दिवशी तिने मला फोन करून बोलावलं. डॉक्टरांशी बोलायला कोणी पुरुष माणूस पाहिजे, असं तिचं म्हणणं. डॉक्टरांनी मला एकट्यालाच आत घेतलं. मावशी बाहेर बाकावर बसल्या होत्या, मधे काचेचं दार. डॉक्टर सभ्य होते, सावकाश बोलले. आजार पसरला आहे, शस्त्रक्रियेचा उपयोग नाही, दुखणं गोळ्यांनी दाबता येईल, सहा महिने, फार तर आठ. शेवटी म्हणाले, पेशंटला सांगू नका, खचतात. दाराबाहेर मुलीने मला बाकापासून बाजूला नेऊन हात जोडले. रिपोर्ट देणाऱ्यांकडून तिला सगळं आधीच कळलं होतं. आईला काही बोलू नका, मामा, असं म्हणून डोळे पुसत ती औषधांच्या खिडकीकडे गेली.

मी बाकावर येऊन बसलो. मावशींनी विचारलं, “काय म्हणाला?”

आणि मी म्हणालो, “काही नाही, मावशी. चांगलं म्हणाले.”

शब्द तोंडातून गेले आणि माझे मलाच ऐकू आले. मॅनेजरचा आवाज मी इतकी वर्षं शिव्या देऊन सांभाळून ठेवला होता, तो माझ्याच गळ्यातून निघाला. प्रेमाने निघाला, एवढाच फरक. ज्याच्या शरीराबद्दल बोलणं चालू आहे त्यालाच बाहेर बसवायचं, आणि याला आपण माया म्हणतो. आपल्याकडे घरोघरी हेच चालतं, आणि मरणारा माणूस सगळ्यांच्या तोंडाकडे बघत एकटाच मरतो.

मावशी रागावल्या नाहीत. त्यांनी मनगट माझ्यापुढे धरलं. पट्टा आता शेवटच्या भोकात होता, तरी सैल.

“काचेतून पाह्यलं म्या,” त्या म्हणाल्या. “अकरा मिनिटं बोलला. भाऊ, बराबर सांग.”

मी सांगितलं. त्यांनी ओढ्याच्या वाटेवर मला सांगितलं होतं तसं, डॉक्टर ज्या क्रमाने बोलले त्या क्रमाने, एक वाक्य न गाळता. महिने सांगितले. पेशंटला सांगू नका, हेही सांगितलं. मधे माझा आवाज गेला तेव्हा त्या थांबल्या, घाई केली नाही. सांगून संपल्यावर त्यांनी घड्याळात बघितलं.

“झाली अकरा. आता बराबर,” त्या म्हणाल्या आणि माझ्या खांद्याला धरून उठल्या. “चल, पोरीला सांगू, मला कळलं म्हणून. कव्हाची एकटीच घेऊन बसली हाय ती.”